चिकटपट्टीचं वाण

यंदाच्या संक्रांतीला मी वाण म्हणून चिकटपट्टी लुटली. हो, तीच, पार्सलाला लावतात ती. सोबत एकेक पेन्सिल. भांडुपच्या आमच्या बिल्डिंगीत त्यावर अजून हसणं चालू आहे. चालू दे. आजवर वाणात मिळालेले प्लॅस्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या कुणी दिल्या ते आठवतं का कुणाला? माझी चिकटपट्टी सगळ्यांना आठवते.

पण हे का झालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं.

माझी नात पीएचडी करते. विषय काय, असं कुणी विचारलं की माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, सांगायचा, "कॉम्प्युटरच्या चिपचं काहीतरी." ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मला ते 'काहीतरी' फार टोचायचं. घरातली पोरगी सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी डोळे चोळत येते, आणि ती दिवसभर कशाशी झुंजते हे घरात कुणाला सांगता येऊ नये? मी सातवी पास. त्यापुढचं जे काही शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि आता मोबाईलवरून. मला कळलं नाही की मी विचारते. एकदा नाही कळलं तर परत विचारते. नात म्हणते, आजी, तू डोकं खातेस. खाते.

तर मला जे कळलं ते असं. काही पदार्थ असे असतात की त्यांचे थर सुटे करता येतात. पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ना आपण, ते खरं शिसं नसतंच, तो ग्रॅफाइट. चिरोट्याचे पापुद्रे असतात तसे त्याचे पापुद्रे. चिकटपट्टी लावायची, ओढायची, पट्टीवर जे आलं त्याच्यावर परत चिकटपट्टी, परत ओढायची. असं करत करत शेवटी एकच पापुद्रा उरतो, एका अणूच्या जाडीचा. त्याहून पातळ काही होऊच शकत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला म्हटलं, "जगातल्या एवढ्या मोठ्या माणसांनी हे चिकटपट्टीनं केलं?" तर म्हणाली, "हो. आणि त्याला मोठ्ठं बक्षीस मिळालं." त्या दिवशी मला विज्ञानाबद्दल आपुलकी वाटली. चिकटपट्टी तर माझ्याकडेही आहे.

नातीचा पदार्थ वेगळा. मॉलिब्डेनम नावाचा धातू आणि गंधक. मध्ये धातू, वरखाली गंधक, असा तीन अणूंचा थर. तो ती भट्टीत तयार करते, एका काचेसारख्या तुकड्यावर. त्या तुकड्याला ते लोक सबस्ट्रेट म्हणतात, मी बैठक म्हणते. आता गंमत अशी की भट्टी गार होताना थर आकसायला बघतो, आणि खालची बैठक काही तेवढी आकसत नाही. थर बैठकीला चिकटलेला. जाणार कुठे? तो ताणलेलाच राहतो. कधी फाटतो. मऊ बैठक आधी ओढून धरली, त्यावर थर चिकटवला आणि मग बैठक सोडली, तर उलटं होतं, थराला सुरकुत्या पडतात. खाली कचरा राहिला तर फुगे येतात, मोबाईलच्या काचेवर प्लॅस्टिक लावताना येतात तसे. हा ताण कुठे किती आहे, त्यानं पदार्थ कसा बदलतो, हे शोधायचं. एवढंच तिचं काम. एवढंच म्हणते मी, पण तीन वर्षं चाललंय.

एकदा मी भोळेपणानं म्हटलं, "म्हणजे बाईसारखंच की गं. ज्या घरात टाकाल तिथला ताण अंगावर घ्यायचा, फाटायचं नाहीतर सुरकुतायचं."

अशी उसळली! "आजी, प्लीज. तू सगळ्याची बाई करू नकोस हां. थर म्हणजे थर. त्याला सासर नाही."

मी कान पकडले. बरोबर होतं तिचं. तेव्हापासून मी तिच्या थराची बाई केलेली नाही, आणि या लिखाणातही करणार नाही. वाचणाऱ्यांनीही करू नये.

तर, डिसेंबरात ती बँकेची परीक्षा पास झाली. बापानं सांगितलं म्हणून दिली होती, सहज. मुलगा माझा वाईट नाही, हे आधीच सांगते. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हा शाळेत होता, आणि बाप दिवसा घरी बसलेला त्यानं पाहिला आहे. परळ सुटलं, आम्ही इकडे भांडुपला आलो. तेव्हापासून त्याच्या मनात एकच, हातात पक्कं काहीतरी पाहिजे. पोरीचं बँकेत झालं म्हटल्यावर त्यानं त्याच संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. तिला विचारलंसुद्धा नाही. आणि ती नको म्हणाली नाही, हेच मला खटकलं.

आम्ही दोघी गॅलरीत तीळ निवडत बसलो होतो. तीळ निवडताना माणूस खरं बोलतो, मान खाली असते ना.

"आजी, मी जाते बँकेत."

"जा की. पण मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं कशाला?"

"तिकडे काही होतच नाहीये गं. एकाच तुकड्यावर दहा ठिकाणी मोजलं तर दहा वेगळे आकडे येतात. कुठे ताण जास्त, कुठे कमी, कुठे थर घसरलाय. मी तीन वर्षं सुरकुत्या बघतेय."

"तुझ्या मॅडम काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, असंच असतं, धीर धर."

"मग धर."

"पप्पांनी पेढे वाटलेत, आजी."

हे असं आहे बघा. एका बाजूला तीन वर्षांचं काम, आणि दुसऱ्या बाजूला किलोभर पेढे. मी तीळ निवडत राहिले. पण आतून मला असा राग आला, असा राग आला, की मालवणी बाहेर पडलं. म्हटलं, "पेढे गेले खड्ड्यात! तुका काय व्हया तां सांग."

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. म्हणाली, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

रुजू व्हायचं होतं सोमवारी. मला वाटलं, सोमवारच्या आधी एकदा तरी या पोरीला तिच्या विषयावर मोठ्यानं बोलताना मला बघायचंय. मॅडमसमोर नाही, मशीनसमोर नाही, आपल्या माणसांसमोर, आपल्या भाषेत. मग जाऊ दे बँकेत. आणि आपल्याकडे बायका घर भरून कधी जमतात? हळदीकुंकवाला.

पण इथे दुसरी मेख होती. मी विधवा. आमच्याकडे अजून असं आहे की हळदीकुंकू सुनेनं करायचं, आणि मी आत बसायचं. कुणी हाकलत नाही हो, सगळे गोडच बोलतात. पण मी बाहेर आले की कुंकवाचा करंडा माझ्यापाशी येऊन थबकतो, आणि ज्या बाईच्या हातात तो असतो तिला काय करावं कळत नाही. तो क्षण टाळायला मी इतकी वर्षं आत बसत आले. वाटाणे सोलत.

दुसऱ्या मजल्यावरची वहिनी बोलावणं विचारायला आली तेव्हा मी सांगून टाकलं, "शनिवारी आहे. आणि वाण मी देणार."

वहिनी म्हणजे तोंडानं फटकळ, मनानं... मनानंही फटकळच. म्हणाली, "तुम्ही? म्हणजे... काकी, सूनबाईंच्या नावानं करा ना. तुम्ही आत आरामात बसा."

"आरामात बसायला मी काय आजारी आहे?"

"तसं नाही हो. बायकांना चालायला नको का?"

"ज्यांना चालत नाही त्यांनी जिना उतरू नये."

माझी सून तिथेच उभी होती, डबा भरत. ती नर्स आहे, कमी बोलते. मला वाटलं आता ही समजावणार. तर म्हणाली, "आई, तुम्हीच द्या वाण. मला तेवढीच सुट्टी."

मग मी पदर खोचूनच कामाला लागले. ज्यांना कधी कुणी बोलवत नाही त्यांना सगळ्यांना बोलावलं. तळमजल्यावरची नवऱ्यानं टाकलेली, मागच्या विंगमधल्या दोघी लग्न न केलेल्या बहिणी, आणि समोरच्या दारातली माझी मैत्रीण. ती बौद्ध. पोस्टात नोकरी करून निवृत्त झाली. इतकी वर्षं समोरासमोर राहतो, एकमेकींच्या घरी जेवतो, पण संक्रांतीला तिचं दार बंद असायचं आणि मी आत असायची. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "हे बघ, मी कुंकू लावणार नाही."

"मला तरी कोण लावतंय? कुंकू नाहीच ठेवत. नुसतं वाण, तिळगूळ आणि मसाला दूध."

"वाण काय?"

"चिकटपट्टी."

तिनं चष्मा वर केला. "बरंय. देवाधर्माची भानगड नाही. कुणाचं तोंड बंद करायचं असेल तर उपयोगी पडेल."

शनिवारी घर भरलं. वहिनीसुद्धा आली, नवी पैठणी नेसून. आता उत्सुकता ही अशी चीज आहे, तिच्यापुढे सोवळंओवळं टिकत नाही. बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही, तेव्हा माझा मुलगा स्वयंपाकघरात अडकला. बायकांमधून वाट काढून बाहेर कसा जाणार? त्याला म्हटलं, "तू दुधाकडे बघ. ऊतू जाऊ देऊ नको." बिचारा उभा राहिला ओट्यापाशी, कमरेला टॉवेल खोचून.

मी वाण दिलं. एकेकीच्या ओंजळीत चिकटपट्टी, पेन्सिल आणि तिळगूळ. मैत्रिणीला पहिलं दिलं. वहिनीनं घेताना दोन बोटांत धरून बघितलं, म्हणाली, "काकी, हे कशाला चिकटवायचं?"

"तेच आता माझी नात सांगणार आहे."

नातीला मी आधी फक्त एवढंच सांगितलं होतं की थोडं बोल. तिला वाटलं होतं दोन वाक्यं. सगळ्यांनी माना वळवल्या तेव्हा ती लाल झाली. सुरुवात अगदीच पडेल केली, काय तो अणू, काय तो रेणू, बायका एकमेकींच्या ब्लाउजचे गळे बघायला लागल्या. मग तिलाच कळलं. ती खाली सतरंजीवर बसली, पेन्सिल कागदावर घासली, त्यावर चिकटपट्टी दाबली आणि ओढली. काळा डाग पट्टीवर आला. "आता दुमडा, परत ओढा. करा सगळ्याजणी." झालं! त्यानंतर जो काही चर्र चर्र आवाज सुरू झाला. बायकांना हाताला काम दिलं की त्या ऐकतात. डाग फिका होत गेला. ती म्हणाली, "एकच थर उरला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. आणि पेन्सिलीत माती मिसळलेली असते, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत ही चालायची नाही. पण करायची पद्धत हीच."

"म्हणजे तू तिकडे हेच करतेस?" तळमजलावालीनं विचारलं.

"सुरुवातीला हेच केलं. आता भट्टीत करते. आणि मग बघते, तो खालच्या गोष्टीवर कसा बसतो. ताणला जातो, चुरगळतो." ती एकदम उठली. तिला काहीतरी सुचलं होतं. "थांबा, दाखवतेच. दूध तापवलंय ना? गार होताना त्याच्यावर साय येते. तीच बघा. आजी, पातेलं आणू?"

ती आत गेली. आणि आतून ओरडणं ऐकू आलं.

"पप्पा! साय काढलीत?"

"मग? दुधात साय आली की बायका नाक मुरडतात. गाळून ठेवलंय सगळं. स्वच्छ."

"पप्पा, तोच तर माझा विषय आहे!"

बाहेर आधी एकीला हसू आलं, मग सगळ्यांना. माझी मैत्रीण पदर तोंडात धरून हसत होती. पण हसण्यासारखंच होतं का ते? आमच्या घरात साय आली की काढायचीच, अशी रीतच आहे. पाहुण्यांना दूध देताना त्यात पापुद्रा आला तर घरच्या बाईची लाज निघते. ही रीत मीच त्याला शिकवली आहे, लहानपणापासून. आणि त्यानं किती निगुतीनं काढली होती म्हणून सांगू, वाटीत वेगळी, वर झाकण. मुलीच्या कामासाठी त्या माणसानं आजवर केलेली ती पहिली मदत, आणि नेमकी तीच चुकली.

आता परत साय यायला हवी तर दूध परत तापवायचं आणि गार होईपर्यंत थांबायचं. नात म्हणाली, "राहू दे." मी म्हटलं, "राहू कशाला दे? बायका बसल्यात. आम्हाला घाई नाही." दुधात अजून एक पिशवी ओतली, तापवलं, आणि नातीनं पातेलं बाहेर आणायला लावलं. ठेवायला जागा कुठे? सतरंजीभर चिकटपट्ट्या. मग मुलालाच उभं केलं मध्ये, दोन्ही हातांत जाड फडकी, त्यांत पातेलं. पंखा जोरात केला. आणि पंधराएक बायका आणि एक पुरुष, सगळे दूध गार व्हायची वाट बघत बसलो.

वाट बघताना वहिनीनं तोंड उघडलं. ते उघडणारच होतं.

"पण काय गं, तुझं तर बँकेत झालं ना? आम्ही पेढे खाल्ले. सोमवारपासून ना? मग हे सायीचं पुराण कशाला आता?"

मी मुलाकडे बघितलं, मुलगा दुधाकडे. मैत्रिणीनं चिकटपट्टीचं टोक शोधायला सुरुवात केली, मला वाटलं आता ही खरंच वहिनीच्या तोंडाला लावते.

नात पातेल्यावर वाकून बघत होती. मग म्हणाली, "आली. इकडे या सगळ्या. जवळ या."

साय नुकती धरली होती, पातळ. ती म्हणाली, "पप्पा, पातेलं जरा तिरकं करा. हळू." त्यानं केलं. एका बाजूनं साय ओढली गेली, गुळगुळीत झाली, आणि दुसऱ्या बाजूला बारीक बारीक सुरकुत्या उठल्या. "बघितलंत? काठाला चिकटलेली आहे म्हणून असं होतं. सुटी असती तर नुसती तरंगली असती. आता सरळ करा. बघा, सगळ्या सुरकुत्या जात नाहीत. काही राहतात." मग तिनं सांगितलं की ही साय तिच्या थराच्या मानानं किती जाड, आणि दूध वाहतं, तिची बैठक वाहत नाही, त्यामुळे हे तंतोतंत तसं नाही. ती असं मध्येमध्ये सांगत होती, इथपर्यंत खरं आणि इथून पुढे नाही. मला ते फार आवडलं. "माझा थर ताणला की नुसता फाटत नाही, काकी. बदलतो. त्याच्यावर प्रकाश टाकला की तोही प्रकाश देतो. ताणला की तो प्रकाश लाल बाजूला सरकतो."

"रागानं," मैत्रीण म्हणाली.

"तसंच समजा. त्यावरून मला कळतं, कुठे किती ताण आहे."

"आणि ह्याचा उपयोग?" वहिनी सोडतेय थोडीच. "एवढं शिकायचं, आणि साय बघायची?"

आता ऐका. मला वाटलं होतं, ती आता सांगेल, घडी घालता येणारे मोबाईल, अंगावर चिकटवायची पट्टी, ती नाडी मोजेल. हे सगळं तिनं मला सांगितलेलं आहे. पण ती म्हणाली, "कदाचित होईल. कदाचित माझ्या हातून काहीच होणार नाही. माझे आकडे जुळत नाहीयेत. एकाच तुकड्यावर दर ठिकाणी वेगळा ताण येतो, आणि का येतो ते मला माहीत नाही. पण काकी, हे नुसतं मलाच माहीत नाही असं नाही. कुणालाच नीट माहीत नाही. माझ्या त्या तुकड्यावर काय चाललंय हे जगात कुणी बघितलं असेल तर फक्त मी. तुम्ही म्हणता तशी मी साय बघते. बघणार. आणि बँकेत नाही जाणार मी."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून गेल्यावर तिलाच ऐकू आलं असावं. तिनं बापाकडे बघितलं.

तो तसाच उभा, दोन्ही हातांत पातेलं. ठेवताही येईना, जाताही येईना. त्याचा चेहरा मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. आधी मान लाल होते, मग कान. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. माझीही तयारी होती, मी कंबर कसूनच बसले होते.

तो म्हणाला, "पेढे परत मागू काय आता?"

"खाल्लेले परत मिळत नाहीत, भाऊजी," वहिनी म्हणाली. पण आवाज जरा उतरला होता तिचा.

"मग हे दूध तरी घ्या. गार झालंय." आणि आत जाता जाता नातीला, "ही साय काढायची की ठेवायची?"

"ठेवा."

सगळ्यांना सायीसकट दूध दिलं. कुणीही नाक मुरडलं नाही, किंवा मुरडलं असेल तर मला दिसलं नाही.

आता वाचणाऱ्याला वाटेल की सायीत बघून पोरीला काहीतरी शोध लागला, आणि सोमवारी जाऊन तिनं आकडे जुळवले. असलं काही झालेलं नाही. सोमवारी ती डबा घेऊन नेहमीसारखी गेली, आणि संध्याकाळी नेहमीसारखी डोळे चोळत आली. "काय झालं?" तर "फाटला." मग पुढच्या आठवड्यात "घसरला." आजच्या तारखेलाही आकडे जुळलेले नाहीत. मॅडम म्हणतात की न जुळणं हेच मांडावं लागेल बहुधा, आणि ते मांडायलाही धाडस लागतं. असेल.

बाप-लेक त्या रविवारी बोलले नाहीत. मी मध्ये पडले नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही काहीतरी बोला त्यांच्याशी." म्हटलं, नाही बोलणार. पोरीनं स्वतः सांगितलंय, पातेलं त्याच्या हातात असताना सांगितलंय, आता त्याच्यावर माझं पांघरूण कशाला? तिला कुणी विचारत नाही असं आम्ही म्हणत होतो. आता तिला विचारायला बाप तिच्याकडेच जाऊ दे.

गेला. कधी गेला, काय बोलले, मला माहीत नाही. पण मध्यंतरी लिफ्टजवळ कुणीतरी त्याला विचारलं, मुलगी काय करते. मी पिशवी घेऊन मागे उभी होते. मला वाटलं, आता कॉम्प्युटरची चिप येणार. तर हा म्हणतो, "एक फार पातळ पदार्थ असतो. कशावर चिकटवला तर त्याच्यावर ताण कसा येतो, ते बघते. अजून जुळलेलं नाही." समोरचा माणूस म्हणाला, "अरे वा," आणि लिफ्ट आली. 'अजून जुळलेलं नाही' हेही सांगितलं त्यानं, कुणी न विचारता. मी जिन्यानं गेले, उगाच.

वहिनी मला अजून टोमणे मारते. "काय काकी, पुढच्या संक्रांतीला खिळे-हातोडी का?" म्हटलं, बघू. वाण तर मीच देणार, आणि वाटाणे सोलायला मी आत बसणार नाही, हे नक्की. तिची चिकटपट्टी तिच्या दाराला लावलेली मी बघितली आहे, बेलखाली, फाटलेल्या पाटीवर. वाकडी लावलीये. खाली फुगा राहिलाय, चांगला बोटभर. नातीला दाखवला तर ती जिन्यात वाकून बघत बसली, बॅग खांद्यावर, उशीर होत असताना.

"अगं, वहिनी दार उघडेल," मी म्हटलं.

"थांब गं आजी," ती म्हणाली. "बघू दे."